बारापासॉरसच्या सांगाड्यात खरी हाडे किती, आणि तो गडचिरोलीत का नाही?

प्राणहिताकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी सिरोंचा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या तालुक्यातील पोचमपल्ली गावाच्या परिसरात १९६० च्या सुमारास एका प्रचंड डायनासोरची हाडे सापडली, पुढे त्याला बारापासॉरस टागोरी असे नाव मिळाले आणि आज त्याचा उभा सांगाडा कोलकात्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात आहे, एवढे मला ठाऊक आहे. हे सांगितले की वर्गातली मुले एकदम सावरून बसतात. डायनासोर म्हटला की तो अमेरिकेतला किंवा मंगोलियातला असायचा, असेच त्यांनी धरलेले असते. आपल्या शेताशिवारातील खडकात असा प्राणी सापडला असेल, हे त्यांच्या मनातही आलेले नसते. त्यानंतर ती जे विचारतात त्याला मात्र माझ्याकडे पुरेशी उत्तरे नाहीत, म्हणून येथे लिहिते आहे.

पहिली शंका अशी की कोलकात्यातील सांगाडा मूळ हाडांचा आहे की प्लॅस्टरचा? तो मूळ हाडांचा आहे असे मी वाचले आहे आणि या प्राण्याची कवटी कधी सापडलीच नाही असेही वाचले आहे. छायाचित्रात मात्र त्याला डोके आहे. मग ते डोके कोणाचे? दुसरे म्हणजे जमिनीतून विखुरलेली, तुटकी हाडे निघतात, त्यांपैकी कोणते कोठे बसवायचे हे कसे ठरवतात? तिसरा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला आणि तो माझ्या मनातून जात नाही: हाडे आपल्याकडची असतील, तर ती पाहायला आपण इतक्या दूर का जायचे? तिला काहीतरी सांगून गप्प करणे मला पटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

गोंडवन खडक यांचे उत्तर

ताई, प्रश्न अतिशय चांगले आहेत. शोधाचा इतिहास मी सांगतो. सांगाडा उभा करण्याविषयी येथे माझ्यापेक्षा अधिक जाणणारे सदस्य आहेत.

आधी ठिकाणाबद्दल, कारण तेथे नेहमी घोटाळा होतो. हे पोचमपल्ली म्हणजे तेलंगणातील साड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव नव्हे. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या खोऱ्यातील हा भाग उत्खननाच्या काळात चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. त्यामुळे जुन्या लिखाणात गडचिरोलीचे नाव शोधून हाती काही लागत नाही. ज्या खडकांत ही हाडे होती त्यांना भूवैज्ञानिक ‘कोटा शैलसमूह’ म्हणतात, आणि ते नावही तुमच्याच तालुक्यातील कोटा गावावरून आले आहे. या समूहातील चुनखडीत माशांचे सुंदर जीवाश्म मिळतात आणि ते एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना माहीत होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यासारख्या माणसांनी मध्य भारतातील जीवाश्मांकडे जगाचे लक्ष वेधले ते त्याच काळात. कोटा शैलसमूह जुरासिक कालखंडातला आहे हे ठरवताना या माशांचा मोठा आधार मिळाला. डायनासोरची हाडे त्या चुनखडीच्या खालच्या थरांत, म्हणजे वाळूचा खडक आणि मातकट खडक यांच्यात होती.

सांख्यिकी संस्थेचा आणि डायनासोरचा संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना संख्याशास्त्र निसर्गविज्ञानांच्या सान्निध्यात वाढावे असे वाटत होते. त्यांनी १९५७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावून संस्थेत भूविज्ञानाचा विभाग सुरू केला. रॉबिन्सन यांनी स्वतः संशोधन केलेच, पण त्याहून मोठे काम म्हणजे त्यांनी भारतीय तरुणांना खडकात हाड ओळखायला, ते न मोडता काढायला आणि त्याची नोंद ठेवायला शिकवले. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रायचौधुरी आणि शंकर चॅटर्जी ही नावे त्या परंपरेतली आहेत. १९७५ साली बारापासॉरसचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले ते या चौघांनीच.

पहिली हाडे १९५८ साली नजरेस आली आणि मोठे उत्खनन १९६० व १९६१ मध्ये झाले. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष होते, त्यावरून ‘टागोरी’ हे जातिनाम आले. ‘बारापा’ म्हणजे मोठा पाय, कारण सापडलेल्यांत सुमारे १.७ मीटर लांबीचे मांडीचे हाड होते. मुलांना हे नुसते सांगू नका, फळ्यावर १.७ मीटरची रेघ ओढून दाखवा. वर्गातल्या बहुतेकांच्या उंचीपेक्षा ती लांब भरेल, आणि ते एकच हाड आहे.

एकंदर सुमारे ३०० हाडे मिळाली आणि ती किमान सहा प्राण्यांची आहेत. ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच बाजूचे एकच हाड किती वेळा सापडले हे मोजून असा आकडा काढतात. उजव्या मांडीची सहा हाडे असतील तर प्राणी सहापेक्षा कमी असू शकत नाहीत, अधिक मात्र असू शकतात. हाडे पावणेतीनशे चौरस मीटरांच्या आसपास जागेत दाटीने पडलेली होती आणि त्यांच्यासोबत मोठमोठ्या वृक्षांचे अश्मीभूत ओंडकेही होते. एवढे प्राणी आणि एवढी झाडे एका जागी कशी आली? एखाद्या महापुरात कळप सापडला, प्रेते आणि उन्मळून पडलेली झाडे पाण्याबरोबर वाहत येऊन एकत्र साचली आणि गाळाखाली गाडली गेली, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. गोदावरीला पूर आला की काय काय वाहत येते हे तुमच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे, तेव्हा त्यांना हा तर्क समजावून सांगावा लागणार नाही. अर्थात तेव्हा ना गोदावरी होती ना दख्खनचे पठार. भारत दक्षिणेकडील गोंडवन भूमीचा भाग होता आणि काळ सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वीचा होता.

या प्राण्याचे महत्त्व त्याच्या आकारात नाही. लांब मानेच्या, खांबासारख्या पायांच्या, शाकाहारी डायनासोरांना सॉरोपॉड म्हणतात, आणि त्यांतले सर्वांत प्रसिद्ध प्राणी बारापासॉरसच्या कितीतरी नंतरचे आहेत. हा गट जगात नुकताच स्थिरावत असतानाचे अवशेष फार थोड्या ठिकाणी मिळतात, आणि एवढ्या संख्येने तर क्वचितच. पुढच्या महाकाय प्राण्यांची ठेवण कोठून आली हे तपासायचे तर जगभरच्या अभ्यासकांना पोचमपल्लीच्या हाडांपर्यंत यावेच लागते. २०१० साली शाश्वती बंद्योपाध्याय आणि सहकाऱ्यांनी सगळ्या हाडांचे नव्याने तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे उत्खननानंतर जवळपास अर्धे शतक त्या हाडांवर काम चालूच होते आणि त्यातून नवे काही मिळत होते.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. याच खोऱ्यातील थोड्या जुन्या थरांत सापडलेल्या एका डायनासोरला २००७ साली प्रधानिया असे नाव दिले गेले. ते धुईया प्रधान यांच्या सन्मानार्थ आहे. ते संस्थेसाठी जीवाश्म शोधून गोळा करणारे कार्यकर्ते होते. त्याच वेळी नाव मिळालेल्या दुसऱ्या डायनासोरला, लॅम्प्लुघसॉराला, पामेला लॅम्प्लुघ रॉबिन्सन यांचे नाव आहे. उन्हात खडकावर वाकून हाड शोधणाऱ्या माणसाचे आणि विभाग उभारणाऱ्या विदुषीचे नाव एकाच शोधनिबंधात असे शेजारी-शेजारी यावे, याचा मला फार आनंद वाटतो.

जतन कक्ष यांचे उत्तर

मी संग्रहालयांतील वस्तूंच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच मिळेल.

हाड जमिनीतून सरळ उचलता येत नाही. कोट्यवधी वर्षे गाडलेले हाड खनिजांनी भरलेले, जड आणि तरीही ठिसूळ असते, त्याला असंख्य बारीक तडे गेलेले असतात. म्हणून आधी वरचा खडक काढून हाडाची वरची बाजू मोकळी करतात, सुटे पडणारे तुकडे पातळ गोंदाने किंवा रेझिनने पक्के करतात, त्यावर ओल्या कागदाचा थर देतात आणि मग प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात. मोडलेल्या हाताला डॉक्टर प्लॅस्टर घालतात तसेच हे असते. ओला कागद मध्ये असल्यामुळे प्लॅस्टर हाडाला चिकटत नाही. ते वाळले की खालून खडक पोखरून संपूर्ण गठ्ठा उलटा करतात आणि दुसऱ्या बाजूलाही तसेच प्लॅस्टर चढवतात. सॉरोपॉडच्या मांडीच्या हाडाचा असा गठ्ठा अनेक माणसांनाही सहज हलत नाही. त्याआधी प्रत्येक हाड कोठे, कोणत्या दिशेला, कोणत्या हाडाशेजारी पडले होते याचा नकाशा काढावा लागतो, कारण एकदा हाड उचलले की ती माहिती पुन्हा कधीच मिळत नाही. पुराचा जो तर्क वर सांगितला आहे, तो अशा नोंदींवरच उभा राहतो.

प्रयोगशाळेत गठ्ठा उघडून छिन्नी, सुया आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक टोकाच्या हत्याराने खडक कणाकणाने काढतात. एका मोठ्या मणक्याला महिने लागू शकतात, कारण सॉरोपॉडच्या मणक्यांना पातळ पापुद्र्यांसारख्या उभ्या धारा असतात आणि त्यांच्यामधल्या खोलगट जागांत खडक घट्ट बसलेला असतो. पूर्वी हाड पक्के करायला लाख आणि नंतर पॉलिव्हिनिल अॅसिटेट वापरत. आज पॅरालॉइड बी-७२ नावाचे रेझिन अॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, कारण गरज पडली तर तेच अॅसिटोन लावून ते पुन्हा काढता येते. पुढच्या पिढीला आपले काम उलटवता आले पाहिजे, हा जतनाच्या व्यवसायातील पहिला नियम आहे.

आता कोणते हाड कोठे बसवायचे ते. मांडीच्या हाडाचे वरचे गोलसर डोके नेहमी आतल्या, म्हणजे खुब्याच्या बाजूला असते आणि मागच्या बाजूला शेपटीकडून येणारा मोठा स्नायू जेथे जोडलेला असतो तेथे उंचवटा असतो. या दोन खुणा मिळाल्या की हाड डावे की उजवे हे ठरते. मणक्यांचा क्रम लावणे अधिक नाजूक काम आहे. फासळी ज्या ठिकाणी मणक्याला टेकते तो सांध्याचा ठसा मानेच्या मणक्यांत खाली, मुख्य गोल भागावर असतो, आणि पाठीकडे सरकत जावे तसतसा तो वर चढत जातो. हा ठसा कोठे आहे हे पाहून सुटा सापडलेला मणकाही मान आणि कंबर यांच्यामध्ये जवळपास कोठे बसेल हे सांगता येते. खांद्याच्या फऱ्याबाबत मात्र अशी सोय नाही. तो कण्याला हाडाने जोडलेला नसतो, केवळ स्नायूंनी तोललेला असतो. त्यामुळे तो किती वर आणि किती तिरपा बसवायचा याबद्दल अभ्यासकांत मतभेद असतात, आणि तेवढ्यावरून प्राण्याची छाती खाली झुकलेली दिसते किंवा उचललेली दिसते.

आता पहिला प्रश्न. कोलकात्यातील सांगाडा १९७० च्या दशकात संस्थेतच उभा केला गेला. त्यात मूळ हाडे आहेत, पण ती एका प्राण्याची नाहीत. सहा किंवा अधिक प्राण्यांची विखुरलेली हाडे असताना त्यांतून आकाराने जुळणारी निवडून एक प्राणी जुळवावा लागतो, त्याला संमिश्र सांगाडा म्हणतात. हे फसवणे नव्हे. जगातील कित्येक प्रसिद्ध सांगाडे असेच आहेत. जे भाग मिळालेच नाहीत ते घडवलेले आहेत, आणि त्यांत सर्वांत ठळक म्हणजे डोके. बारापासॉरसची कवटी सापडलेली नाही, फक्त काही दात मिळाले आहेत. तीन पूर्ण आणि तीन अपूर्ण. दात चमच्यासारखे रुंद असून कडांना जाडसर दातेरी खाचा आहेत. यावरून प्राणी काय खात असेल याचा अंदाज करता येतो, पण कवटीची उंची, नाकपुड्यांची जागा, डोळ्यांचा आकार यांतले काहीही निश्चित करता येत नाही. तेव्हा छायाचित्रात दिसते ते डोके इतर सॉरोपॉडांवरून बांधलेला अंदाज आहे.

सॉरोपॉडांच्या कवट्या इतक्या दुर्मीळ का, हे मुलांना विचारायला लावा. त्या शरीराच्या मानाने लहान असतात, पातळ हाडे एकमेकांना सैलसर जोडलेली असतात आणि लांब मानेच्या टोकाशी असल्यामुळे प्रेत सडू लागले की त्या लवकर सुटून वाहून जातात किंवा चुरतात. डोक्याचा अंदाज किती दूर जाऊ शकतो याचे एक उदाहरण अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. तेथील अॅपॅटोसॉरसला अनेक दशके दुसऱ्याच प्रकारच्या सॉरोपॉडचे, आखूड तोंडाचे डोके लावलेले होते, आणि जुन्या नोंदी व हाडे पुन्हा तपासल्यावर १९७९ साली ते उतरवून लांबट तोंडाचे, योग्य डोके बसवले गेले. पोचमपल्लीच्या आसपास उद्या कवटी सापडली तर बारापासॉरसचे डोकेही बदलावे लागेल, आणि ती बातमी आनंदाचीच असेल.

लांबीबद्दलही तसेच. कोणी १४ मीटर लिहितात, कोणी १८. मान आणि शेपूट यांचे सगळे मणके एकाच प्राण्याचे मिळालेले नसताना किती मणके धरायचे यावर तो आकडा ठरतो. मुलांना एकच आकडा पाठ करायला न लावता दोन्ही सांगावेत आणि फरक का पडतो हेही सांगावे, असे मला वाटते.

माझे एक आग्रहाचे म्हणणे आहे. कोणत्याही सांगाड्याशेजारी एक साधे रेखाचित्र असावे, ज्यात मूळ हाडे एका रंगात आणि घडवलेले भाग दुसऱ्या रंगात दाखवलेले असावेत. काही संग्रहालये हे करतात, पुष्कळ करत नाहीत. पाहणाऱ्याला खरे काय आणि अंदाज काय हे कळले तर त्याचे कुतूहल कमी होईल अशी भीती व्यक्त केली जाते. मला आलेला अनुभव नेमका उलटा आहे. मुले त्या रेखाचित्रासमोर सांगाड्याइतकाच वेळ थांबतात आणि मग प्रत्यक्ष सांगाड्यात तो भाग शोधू लागतात.

वर्धाखोरे यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांतून खूप शिकायला मिळाले. तिसऱ्या प्रश्नाला मात्र अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

मी चंद्रपूरचा. आमच्या जिल्ह्यातील डोंगरगावच्या टेकडीवर १९८० च्या दशकात आणखी एक सॉरोपॉड सापडला. तो बारापासॉरसपेक्षा फार नंतरचा, डायनासोर युगाच्या अखेरीचा. १९९७ साली जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्याचे वर्णन केले आणि २००३ साली त्याला इसिसॉरस हे नाव मिळाले, जे सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आहे. भारतात सापडलेल्या त्या काळातील सॉरोपॉडांपैकी हा सर्वाधिक पूर्ण असलेल्यांत गणला जातो, आणि त्याचीही हाडे कोलकात्यालाच आहेत. जवळच्याच पिसदुऱ्याला मिळालेल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होते हे २००५ साली त्यावरून सिद्ध झाले. जगभर गाजलेला शोध, आणि पिसदुऱ्याच्या शाळेतील किती मुलांना तो माहीत असेल?

माझे मत स्पष्ट आहे. ज्या मातीतून हे निघाले, त्या मातीतल्या माणसांचा त्यावर पहिला हक्क आहे. संस्थेने १९६० च्या दशकात हाडे नेली त्यात काही गैर नव्हते. तेव्हा ती सांभाळण्याची सोय येथे कोठेही नव्हती आणि नेली नसती तर ती पावसापाण्यात झिजून गेली असती, हे मी मान्य करतो. पण आज साठ वर्षांनंतरही तीच परिस्थिती का असावी? तुमच्या तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तेथे अश्मीभूत झाडे जमिनीवर दिसतात. तेथे चांगली इमारत बांधून सांगाडा परत आणावा, अशी मागणी जिल्ह्यातून झाली पाहिजे. शेजारच्या राज्याने काय केले पाहा. कोटा शैलसमूहातीलच कोटासॉरस तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यातील यमनपल्लीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला मिळाला आणि आज तो हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. त्यांचा डायनासोर त्यांच्या राजधानीत पाहता येतो. आपला का नाही?

जतन कक्ष यांचे उत्तर

वर्धाखोरे यांच्या तळमळीशी मी पूर्ण सहमत आहे, मागणीशी नाही. कारणे सांगतो.

उभा सांगाडा उतरवून शेकडो किलोमीटर नेणे म्हणजे त्यातील प्रत्येक हाड पुन्हा एकदा धोक्यात घालणे. जुन्या पद्धतीच्या उभारणीत आधाराचे लोखंड हाडात भोके पाडून आरपार घालत असत. आज प्रत्येक हाडासाठी बाहेरून वेगळी कमान करतात, म्हणजे ते हाड एकटे काढून अभ्यासता येते. जुनी उभारणी सुटी करताना हाडे तडकण्याचे प्रकार अनेक देशांत घडलेले आहेत. शिवाय ज्या हाडांवरून एखाद्या प्राण्याला नाव दिले जाते ती शास्त्राच्या दृष्टीने कायमची प्रमाण हाडे ठरतात. बारापासॉरसच्या बाबतीत ते कमरेच्या मणक्यांचे, खुब्याला जोडलेले त्रिकाचे हाड आहे. जगात कोठेही नवा सॉरोपॉड सापडला तर त्याची तुलना करण्यासाठी ते हाड उपलब्ध आणि सुरक्षित असावे लागते, आणि त्यासाठी केवळ इमारत पुरत नाही. नोंदी ठेवणारी, तापमान व दमटपणा पाहणारी, वर्षानुवर्षे तेथेच काम करणारी माणसे लागतात.

संग्रहात असलेली वस्तूसुद्धा कशी हरवते याचा धडा आपल्या देशात आहे. १८२८ साली जबलपूरला ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना मिळालेली डायनासोरची हाडे, ज्यांच्यावरून १८७७ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ लिडेकर यांनी टायटॅनोसॉरस हे नाव दिले, ती पुढे दीर्घकाळ बेपत्ता होती. नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली त्यांतला हरवलेला मणका कोलकात्यातील सर्वेक्षणाच्याच संग्रहात शोधून काढला. मोठ्या, जुन्या संस्थेत हे घडू शकते, तर नव्या, अपुऱ्या मनुष्यबळाच्या ठिकाणी काय होईल याचा विचार आधी करावा लागतो.

पण याचा अर्थ गडचिरोलीच्या मुलांनी छायाचित्रांवर समाधान मानावे असा मुळीच नाही. १९०५ साली अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी डिप्लोडोकस या सॉरोपॉडच्या सांगाड्याची प्लॅस्टरची संपूर्ण प्रतिकृती लंडनच्या संग्रहालयाला भेट दिली आणि नंतर युरोपातील व दक्षिण अमेरिकेतील संग्रहालयांनाही तशा प्रतिकृती दिल्या. मूळ हाडे पिट्सबर्गलाच राहिली. लंडनची प्रतिकृती शतकाहून अधिक काळ लोकांनी डोळे भरून पाहिली आणि २०१८ ते २०२१ या काळात तर ती ब्रिटनमधील गावोगावी फिरवली गेली. मूळ हाडांचा सांगाडा असा फिरवणे कोणीही मान्य केले नसते. आज हे काम कितीतरी सोपे आहे. हाडाला साचा न लावता, हात न लावता चारही बाजूंनी छायाचित्रे किंवा लेझरने मोजमाप घेऊन त्रिमिती प्रतिकृती करता येते, ती हलक्या फायबरची असते, छताला टांगता येते आणि मुलांना हात लावून पाहता येते. वडधमला बारापासॉरसची आणि चंद्रपूरला इसिसॉरसची अशी पूर्ण आकाराची प्रतिकृती असावी, तिच्याशेजारी उत्खननाचा नकाशा आणि तो दोन रंगांचा आराखडा असावा, अशी मागणी करा. ती मान्य होण्यासारखी आहे आणि त्या मागणीच्या पत्रावर मीही सही करीन.

आणि परत आणण्यापेक्षा निकडीची गोष्ट म्हणजे अजून जमिनीत जे आहे ते वाचवणे. जीवाश्मस्थळांच्या संरक्षणासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. तो विषय पुढे रेटला गेला पाहिजे. नदीच्या काठी, शेतात, रस्त्याच्या खोदकामात हाडासारखा दगड दिसला तर तो न उचलता कळवायला हवे, हे तालुक्यातील प्रत्येक मुलाला माहीत असेल तर पुढची कवटी वाचू शकते.

वर्धाखोरे यांचे उत्तर

प्रतिकृतीची कल्पना मला मान्य आहे, विशेषतः मुलांना हात लावता येईल हे. तरी एक अट जोडतो. मूळ हाडांपैकी किमान एखादे, जे प्रमाण हाड नाही आणि सांगाड्यात बसवलेले नाही, असे ठरावीक मुदतीसाठी तरी येथे आणून दाखवावे. सुमारे ३०० हाडांपैकी सगळी काही सांगाड्यात नाहीत. प्रतिकृतीपुढे उभे राहणे वेगळे आणि आपल्या गावच्या जमिनीतून निघालेल्या प्रत्यक्ष हाडापुढे उभे राहणे वेगळे. हा फरक संग्रहालयाच्या माणसांनाच सर्वांत चांगला ठाऊक असतो.

जतन कक्ष यांचे उत्तर

ही अट रास्त आहे. कुलूपबंद काचपेटी, जबाबदार माणूस आणि लेखी करार एवढी तयारी असेल तर संस्था परस्परांना वस्तू मुदतीने देतात, ती रूढ पद्धत आहे. पत्राच्या मसुद्यात हे जरूर घालावे.

प्राणहिताकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. त्या विद्यार्थिनीला आता मी दोन्ही बाजू सांगेन आणि पत्राचा मसुदा मुलांकडूनच लिहून घेईन; त्यांचा तालुका, त्यांची मागणी. पुढच्या वर्षी काही मुलांना घेऊन सांगाडा पाहायला जाण्याचा विचार आहे. कोलकाता की हैदराबाद, आणि तेथे नेमके काय पाहावे?

गोंडवन खडक यांचे उत्तर

पहिली सहल हैदराबादची करा. गोदावरीवर पूल झाल्यापासून सिरोंचाहून तिकडे जाणे सोयीचे आहे आणि कोलकात्याच्या मानाने खर्चही बराच कमी येईल. कोटासॉरस तुमच्याच शैलसमूहातला, बारापासॉरसचा जवळपास समकालीन. पी. यादगिरी यांनी १९८८ साली त्याचे वर्णन केले. त्याची सुमारे ८४० हाडे किमान १२ प्राण्यांची आहेत आणि त्याचीही कवटी मिळालेली नाही, फक्त दात मिळाले आहेत. तेव्हा डोक्याचा प्रश्न मुलांना तेथेही विचारता येईल. विज्ञान केंद्र सर्वांना खुले असल्यामुळे प्रवेशाची अडचण नाही.

कोलकात्याचे संग्रहालय बॅरकपूर ट्रंक रोडवरील संस्थेच्या आवारात आहे आणि ती मूळची संशोधन संस्था आहे. म्हणून शाळेच्या पत्रावर आधी लेखी परवानगी घ्या, आणि पत्रात मुले सिरोंचा तालुक्यातील आहेत हे ठळकपणे लिहा. तेथे गेल्यावर मुलांना आधी मांडीचे हाड शोधायला सांगा, त्यावरचा स्नायूचा उंचवटा दाखवा, मग पाठीच्या मणक्यांवर फासळीचा ठसा कसा वर चढत जातो ते पाहू द्या, आणि डोक्याकडे सर्वांत शेवटी वळा. मोजपट्टी आणि चित्रकलेच्या वह्या सोबत असू द्या. प्रमाण हाड पाहता येईल का, हेही त्याच पत्रात विचारून ठेवा. ऐन वेळी विचारले तर संग्रहाची किल्ली असलेली व्यक्ती जागेवर नसते.